खुडबुड

"फक्त तू त्याला हात लावू नकोस," दादा फोनवर म्हणाला, आणि तिच्या चिमट्यातून तांदळाच्या दाण्याएवढा माइक निसटून टेबलाखाली कुठंतरी गेला. कानाच्या मशीनच्या दुकानात मागच्या बाजूला, काचेच्या आड, ती असली मशीनं उघडून साफ करायची, दुरुस्त करायची. इतक्या वर्षांत तिच्या हातून काही निसटलेलं नव्हतं. फोन खांद्यानं कानाशी दाबून ती तशीच बसून राहिली, चिमटा हवेत. दादा आपल्या संस्थेच्या नव्या लॅबबद्दल बोलत होता. उद्घाटन आहे, मोठी माणसं येणार आहेत, दर्शनी भागात आपला तो लहानपणचा रोबोट ठेवायचा आहे. "आप्पांच्या कपाटावर असेल बघ. उद्घाटनाच्या आधीच्या रविवारी येतो न्यायला. बंद पडला असणार, पण माझ्याकडची मुलं बघतील." ती म्हणाली, "मी बघते की." तो हसला. अगदी प्रेमानं हसला, आणि तेच जास्त लागलं. "अगं, कानाचं मशीन वेगळं आणि हे वेगळं. तू नुसता पुसून ठेव. नाहीतर असं कर, पुसूही नकोस." फोन ठेवल्यावर ती खाली वाकून माइक शोधायला लागली. फरशीवर गुडघे टेकून, गाल जवळजवळ जमिनीला लावून शोधताना तिच्या लक्षात आलं की आपले कान तापलेत. माइक सापडला. तिनं तो उचलला, फुंकर मारली, आणि मनात म्हणाली, लावणार. हात लावणार, आणि असा लावणार की तुला जन्माची आठवण राहील.

हात लावू नकोस हे वाक्य त्या घरात छताच्या पंख्यासारखं कायम वर फिरत असायचं. आप्पा बोटीवर इंजिनात कामाला होते. वर्षवर्ष घराबाहेर असायचे आणि येताना एक जड पेटी आणायचे. ती आठ वर्षांची असताना त्या पेटीतून तिच्यासाठी केसांच्या रिबिनी निघाल्या आणि दादासाठी रोबोट. निळसर राखी पत्र्याचा, चौकोनी डोक्याचा, हातभर उंच. पाठीत सेल घातले की तो घर्रर करत चालायचा, चार पावलं टाकून थांबायचा, छातीची दोन दारं उघडायची आणि आत लाल दिवा लुकलुकायचा. ती पोटावर पालथी पडून त्याच्या पायांकडे बघत बसायची. पाय उचलत नाही, मग पुढं सरकतो कसा? तळव्याला चाक असणार. मग चाक मागं का येत नाही? "आप्पा, हिला सांगा ना," दादा ओरडायचा, आणि आप्पा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "खुडबुडे, हात लावू नकोस. त्याचं आहे ते." घरातल्या घड्याळापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला तिची बोटं लागायची म्हणून आप्पांनी तिला ठेवलेलं हे नाव. लाडानंच ठेवलं होतं. लाडानं ठेवलेली नावंच अंगाला जास्त चिकटतात.

मग दादानं एका सुट्टीत तो जिन्यावरून उतरवायचा प्रयोग केला आणि रोबोट गडगडत खाली गेला. चालायचा थांबला. दादा दोन दिवस रडला आणि तिसऱ्या दिवशी चेंडू घेऊन खेळायला निघून गेला. दुपारी आई झोपलेली होती. तिनं स्वयंपाकघरातली लाकडी मुठीची सुरी घेतली आणि रोबोटच्या कडेला वाकवलेल्या पत्र्याच्या जिभा एकेक करून उचकटल्या. धसमुसळेपणा न करता, श्वास धरून. पाठ बाजूला झाली. आतल्या पत्र्यावर पिवळे पीच छापलेले होते, उलटे, पानांसकट, चकचकीत. कुठल्याशा फळांच्या डब्याचा पत्रा कापून हा माणूस घडवला होता! त्या क्षणी तिला जे वाटलं त्याला तिच्याजवळ तेव्हा शब्द नव्हता, आताही नाही. बाहेरून इतका करडा, आणि आत त्यानं ही बाग लपवून ठेवलेली. मग मोटर, दातेरी चाकं, आणि एक तुटून लोंबणारी लाल तार. तिनं तार जागेवर पिळली, वरून शिवणाचा दोरा गुंडाळला, आणि दोरा सुटू नये म्हणून मेणबत्ती वाकवून मेणाचे थेंब सोडले. जिभा परत वाकवल्या. सेल घातले. तो चालला. ती ओरडत घरभर पळाली. आई उठली, आप्पा गच्चीतून खाली आले, दादा चेंडू काखेत मारून दारात उभा राहिला, आणि ती एका दमात सगळं सांगत सुटली. सुरी, दोरा, मेण, सगळं. फक्त पीचचं सांगितलं नाही. ते का कोण जाणे तिनं स्वतःजवळ ठेवलं. आप्पांनी रोबोट उचलला, उलटासुलटा पाहिला, आणि दादाच्या हातात दिला. म्हणाले, "दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नसतो. माफी माग त्याची." तिनं माफी मागितली.

इथवरही चाललं असतं. पोरांच्या जगात असं होतंच. पण पुढच्या आठवड्यात पाहुणे आले आणि आप्पा त्यांना म्हणाले, "आमच्या चिरंजीवांनी स्वतः उघडून दुरुस्त केला, बरं का. अकराव्या वर्षी!" ती पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. तिनं दादाकडे पाहिलं. दादा रोबोटकडे पाहत होता. त्यानंतर ती गोष्ट त्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली, की तिला पाय फुटले. ती दादाबरोबर शाळेत गेली, कॉलेजच्या मुलाखतीत गेली, शिक्षणासाठी आत्यानं दागिने दिले तेव्हा त्या दागिन्यांच्या डब्याशेजारी बसली. "याचा हात पहिल्यापासूनच यंत्रावर." तिचा हात टाइपरायटरवर ठेवला गेला. पुढं लग्न व्हायचं ते काही झालं नाही. आधी आई अंथरुणाला खिळली, आई गेल्यावर आप्पा. टाइपिंग सोडून ती दुकानात कशी शिरली, मागच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या कारागिराकडे बघून बघून मशीनं उघडायला कशी शिकली, याची मात्र गोष्ट कुणी केली नाही. गेल्या वर्षी वहिनीनं घरच्या ग्रुपवर एक चित्रफीत पाठवली. सुटाबुटातला दादा, मागं संस्थेची इमारत. "मी अकरा वर्षांचा होतो. हातात एक सुरी, थोडा दोरा आणि मेणबत्ती." मेणबत्ती! तिनं फोन पालथा घातला होता. मग परत सरळ करून, सगळ्यांनी टाकले तसे, टाळ्यांचे हात टाकले होते. ते हात टाकणारं आपलं बोट तिला अजून आठवायचं. त्या बोटाची तिला किळस वाटायची.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तिनं रोबोट खाली काढला. तो आठवणीपेक्षा लहान होता. खांद्यांवर गंज, एका डोळ्याची काच गेलेली, आत कधीकाळी विसरलेले सेल फुटून त्यांची पांढरी-हिरवी बुरशी साचलेली. खिडकीच्या उजेडात जुनी चादर अंथरून, डोळ्याला दुकानातलं भिंग लावून तिनं जिभा उचकटल्या. दोन जिभा तुटल्या. पन्नास वर्षांत पत्राही थकतो. पाठ उघडली आणि पीच दिसले. फिके पडले होते, पण होते. लाल तारेवर तिचा दोरा होता, काळा पडलेला, आणि मेण पिवळं, कडक, नखासारखं. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. आठ वर्षांच्या बोटांनी किती घट्ट गुंडाळलं होतं! मग तिनं कातर घेतली आणि तो जोड कापून टाकला. ठेवला असता तर दादानं तो काचेखाली ठेवून मिरवला असता. मन एकदम गार आणि स्वच्छ झालं; दात काढल्यावर जिभेला जशी मोकळी जागा लागते तसं.

मग ती कामाला लागली. सकाळी दुकानाआधी, सुट्टीला दिवसभर. बुरशी ब्रशनं खरवडून काढली, गंज घासला, उडालेल्या रंगाशी रंग जुळवून खांदे रंगवले. जुनी मोटर काढून तिच्या जागी शांत, बारकी मोटर बसवली. दातेरी चाकं मात्र मूळचीच ठेवली. ती अजून एकमेकांत अशी बसत होती, की बनवणाऱ्याला मनातून नमस्कार करावा. डोळ्यांत अंतर मोजणारा सेन्सर बसवला, आता भिंत आली की तो आपोआप वळणार होता. पोटात चार्ज होणारी चपटी बॅटरी, छातीत नखाएवढं सर्किट बोर्ड, आणि दोन दारांच्या मधोमध कानाच्या मशीनचा माइक. तारांना डाग देताना उठणारा धुराचा तो बारीक धागा नाकात गेला की तिला सुख व्हायचं, आणि त्या सुखातच सूड असा काही मिसळून जायचा, की कुठलं काय हे कळू नये. तिला नवल वाटायचं. राग म्हणजे माणसाचे हात थरथरणार, अशी तिची समजूत होती. इथं रागानं तिचे हात दगडासारखे स्थिर झाले होते.

बोर्डाला आवाज शिकवावा लागत होता. ती रिकाम्या खोलीत रोबोटसमोर मांडी घालून बसली आणि "चल", "थांब", "चल", "थांब" म्हणत राहिली. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, एकटी राहून बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मग तिच्या ध्यानात आलं, की बोर्डाला दोन्ही करता येतं. शब्द ओळखून कुणाचंही ऐकायचं, किंवा ज्यानं शिकवलं त्या एकाच आवाजाचं ऐकायचं. एवढंसं काम, एक कळ इकडची तिकडं. तिचं बोट त्या कळीवर थांबलं आणि डोळ्यांसमोर सभागृह उभं राहिलं. मोठी माणसं, फुलं, दादा. दादा म्हणतो, चल. रोबोट हलत नाही. चल. नाहीच. कुणीतरी खाकरतं. दादाच्या कपाळावर घाम येतो, तो हसतो, पुन्हा म्हणतो, आणि सगळ्यांदेखत एक पत्र्याचं खेळणं त्याला ओळख देत नाही. चौथ्या-पाचव्या रांगेत ती बसलेली, तोंडात तो शब्द गोळीसारखा धरून, न बोलता. तिनं कळ फिरवली. त्या दिवशी दुकानात ती इतकी खुशीत होती, की मालक म्हणाला, "काय हो, लॉटरी लागली का?" ती म्हणाली, "लागेल."

रविवारी दादा आणि वहिनी आले. वहिनी मोकळ्या स्वभावाची, दारातूनच बोलत येणारी. वहिनीवर रागावणं तिला कधी जमलं नव्हतं. रोबोट टेबलावर नव्हता, खोलीच्या मधोमध उभा होता. चकचकीत. दादाच्या कपाळाला आठी पडली. "तू हात लावलास?" ती हळूच म्हणाली, "चल." रोबोट निघाला, खुर्चीच्या पायापाशी थबकला, वळला, दादाच्या बुटांपाशी येऊन थांबला, आणि छातीची दारं उघडून आतला लाल दिवा लुकलुकला. वहिनीनं टाळ्या पिटल्या. दादा गुडघ्यावर बसला. त्याचा चेहरा असा उघडा पडला की क्षणभर ती पस्तावली. मग त्यानं मान वर केली. "कुणाकडून करून घेतलंस?"

"मीच केला."

"तू?" त्यानं रोबोट उचलून पाहिला. "बोर्ड कुणी बसवून दिलं पण?"

"अहो, त्या म्हणतायत ना मीच केला," वहिनी म्हणाली. "तुमच्या घराण्यातच आहे हे! वन्सं, हे अकरा वर्षांचे होते तेव्हा... सांगा ना हो, ते मेणाचं सांगा." आणि दादानं सांगितलं. सोफ्यावर बसून, चहाचा कप हातात घेऊन, तिच्याच घरात, तिच्यासमोर. दुपारची वेळ, आई झोपलेली, लाकडी मुठीची सुरी, श्वास धरून उचकटलेल्या जिभा. हातावर मेण सांडलं, हा बघा अजून डाग आहे, म्हणून त्यानं अंगठा पुढं केला. तो डाग इस्त्रीचा होता. इस्त्री त्याच्या अंगठ्यावर पडली तेव्हा पाण्याची वाटी घेऊन पळत आलेली तीच होती. ती त्याच्या डोळ्यांत खोटं शोधत होती आणि तिथं खोटं नव्हतं. हा खोटं बोलत नव्हता. यानं तिची दुपार इतक्या वेळा अंगावर घातली होती, की ती त्याच्या मापाची झाली होती. चोराकडून वस्तू परत घेता येते. पण चोराला ती वस्तू जन्मापासून आपलीच वाटत असेल तर मागायची कशी?

"दादा," ती म्हणाली, "उघडल्यावर आत कसलं चित्र दिसलं तुला?"

"चित्र?" तो हसला. "आत मोटर होती. गिअर होते. चित्र कुठलं असायला?"

"आतल्या पत्र्यावर. भलंमोठं आहे. उघडलं की सगळ्यात आधी तेच दिसतं."

त्याच्या हातातला कप बशीवर टेकला. वहिनी आधी हसत होती, मग तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग नणंदेकडे, आणि हसू तोंडावर तसंच राहून गेलं, विसरल्यासारखं. तिनं विचारलं नाही, चित्र कशाचं. बत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला काही गोष्टी विचाराव्या लागत नसाव्यात. "मी जरा गाडी सावलीत लावून येते," म्हणत ती उठली. बाहेर आभाळ भरलेलं होतं, सावलीच सावली होती.

दादा उठून दार लोटून आला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आप्पांनी सांगितलं होतं मला."

"काय?"

"त्याच रात्री. तू झोपली होतीस. म्हणाले, उद्यापासून कुणी विचारलं तर तू केलास म्हणायचं. तिला काय, लग्न होऊन जायचंय. तुझ्या उपयोगी पडेल." त्यानं अंगठा दुसऱ्या हातानं झाकला. "मी अकरा वर्षांचा होतो गं."

"आणि पन्नास वर्षांचा झालास तेव्हा?"

"सांगेन," तो म्हणाला. "लोकांना सांगेन मी. उद्घाटनाला सांगतो, बघ तू." रोबोट काखेत धरून तो जिना उतरला. ती दारात उभी राहिली. आप्पा! नऊ वर्षं रोज सकाळी त्यांच्या कानात तिनं मशीन बसवलं होतं. त्यांना भरवलं, कुशीवर वळवलं, त्यांचे डायपर बदलले. शेवटच्या वर्षी एकदा तिचा हात हातात घेऊन ते म्हणाले होते, "खुडबुडे, हात फार चांगले आहेत तुझे." त्या एका वाक्यावर ती कितीतरी दिवस जगली होती, तिला वाटलं होतं, म्हातारपणी का होईना, उमगलं यांना. उमगलं कसलं? त्यांना आधीपासून ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच त्यांनी तो हात तिच्याकडून काढून त्याला दिला होता, पानातला तुकडा उचलून शेजारच्या पानात ठेवावा तसा. ती आत येऊन आप्पांच्या पलंगाच्या जागी गेली. पलंग केव्हाच देऊन टाकला होता. फरशीवर चार पायांचे चार फिके ठसे होते. मेलेल्या माणसावर सूड कसा उगवतात? शिव्या घालाव्यात तर ऐकायला कान नाहीत. आणि होते तेव्हा, त्या कानांत तीच आवाज घालत होती. तिनं एका ठशावर पाय दिला. मूर्खपणा वाटला, पण काढला नाही.

दादाला फोन करून सांगायला हवं होतं, की तो रोबोट तुझं ऐकणार नाही. कळ कुठली ते सांगितलं की झालं. आठवडाभर तिनं रोज फोन हातात घेतला आणि रोज खाली ठेवला. सांगणार आहे म्हणालाय ना, आधी सांगू दे.

सभागृह नवं होतं, रंगाचा वास अजून गेला नव्हता. वहिनीनं तिला पुढच्या रांगेत आणून बसवलं आणि शेजारी स्वतः बसली, तिच्याशी फारसं न बोलता. टेबलावर रोबोट उभा होता. आठवडाभर खोक्यात होता, आज सकाळीच काढला, एवढं वहिनी म्हणाली. भाषणं झाली. मग दादा उठला, माइक हातात घेऊन टेबलापाशी गेला आणि म्हणाला, "चल." रोबोट हलला नाही. "चल!" मागून हसण्याचा बारीक आवाज आला. तिनं दात आवळले. हेच, अगदी हेच तिनं पाहिलं होतं. दादानं रोबोटकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तिला दिसलं की त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. मग तो हसला, ते त्याचं मोकळं, माणसं जिंकणारं हसू. "हा माझं ऐकणार नाही," तो म्हणाला. "हा फक्त माझ्या बहिणीचं ऐकतो. ती बघा, तिथं बसलीय. आज एक गुपित सांगतो तुम्हाला. मी अकरा वर्षांचा, ती आठ. आम्ही दोघांनी मिळून हा रोबोट दुरुस्त केला होता."

टाळ्यांनी सभागृह भरून गेलं. माना वळल्या, अनोळखी चेहरे तिच्याकडे पाहून कौतुकानं हसायला लागले, कुणीतरी फोटो काढला. तिनं लावलेल्या सापळ्याचाच त्यानं हार करून गळ्यात घातला होता, आणि अर्धा तिच्या गळ्यात. मिळून. सगळं खोटं होतं तेव्हा निदान सगळं खरं तिच्या एकटीकडे होतं. आता त्यातही वाटणी. वहिनी हळूच म्हणाली, "उठा ना, वन्सं. बोलावतायत." ती उठली. टाळ्या थांबायची वाट पाहिली. लोकांना वाटलं, आता ही चल म्हणणार.

"मिळून नाही," ती म्हणाली. आवाज चढवायची गरज पडली नाही. "मी एकटीनं केला. हा खेळायला गेला होता."

कुणीतरी हसलं, थट्टा समजून, आणि मग थांबलं. दादाचं तोंड उघडं होतं, माइक तोंडाशीच होता. त्याचा श्वास आत जाताना आणि बाहेर येताना सगळ्या सभागृहाला ऐकू येत होता. तो आता काहीतरी छान बोलेल, तिला वाटलं. त्याला नेहमी सुचतं. पण त्यानं वहिनीकडे पाहिलं, आणि वहिनीनं नजर मांडीवरच्या हातांकडे वळवली. "हो," दादा म्हणाला. "एकटीनं." टाळी कुणीच वाजवली नाही. सूत्रसंचालन करणारी मुलगी लगबगीनं पुढं आली, आभार मानले गेले, लोक चहाकडे गेले. ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि घरी आली.

त्यानंतर दादाचा फोन आला नाही. महिना उलटल्यावर वहिनीचा आला, दुकानात, कामाच्या वेळी. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर वहिनी म्हणाली, "जेवण कमी झालंय यांचं. संस्थेत जातात, येतात. कुणाशी धड बोलत नाहीत. मी काही तुम्हाला दोष देत नाही हं. तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. पण भाऊ आहे तुमचा. तुम्हाला जराही वाईट वाटत नाही का हो?"

तिनं खरोखरच आत शोधून पाहिलं. वहिनीशी खोटं बोलायची तिची इच्छा नव्हती.

"अजून नाही, वहिनी," ती म्हणाली. "वाटलं की कळवीन."